ही ओळ कुणाची?

बँक स्टेटमेंटमध्ये एखाद्या अनोळखी किराणा दुकानाचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. कधी ती ओळ आपलीच असते, कधी नसते. फरक कसा ओळखायचा? एका रविवारच्या रात्रीचा हा माझा अनुभव!

रविवारची रात्र. साडेदहा वाजलेले. अमरावतीत गाडगेनगरच्या आमच्या रूमवर पंखा फुल स्पीडवर, समोर पार्सल आणलेला गिला वडा आणि मांडीवर लॅपटॉप. फ्रीलान्सर माणसाचा रविवार हा असाच! सोमवारी कुठल्या एडिटरला 'सर, पेमेंटचं काय झालं?' असा गोड मेल टाकायचा, हे ठरवायला मी बँकेचं स्टेटमेंट उघडलं होतं. शोधत होते आलेल्या पैशांची ओळ. सापडली गेलेल्या पैशांची.

२,३१८ रुपये. शनिवारी दुपारी. यूपीआयने. पुढे कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं नाव. ॲपमध्ये पाहिलं तर त्या नावाशेजारी छोटंसं बास्केटचं चित्र, म्हणजे किराणा.

आता गंमत बघा. शनिवारी दुपारी मी एका कार्यक्रमाच्या रिपोर्टिंगसाठी हॉलमध्ये बसले होते. मोबाइल सायलेंटवर. आमच्या रूमवर किराणा म्हणजे मॅगी, दूधपावडर आणि फार तर पोह्यांचं पाकीट. २,३१८ रुपयांचा किराणा मी आयुष्यात एकदम भरलेला नाही!

"अगं, फ्रॉड आहे हा. सरळ फ्रॉड!" रूममेटने निकाल देऊन टाकला. ती इन्शुरन्स ऑफिसात आहे, त्यामुळे तिला सगळीकडे क्लेमच दिसतात. "गूगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर टाक आणि लाव फोन."

मीही टाकणारच होते. पण काय झालं कोण जाणे, हात थांबला. बरं झालं थांबला! कारण त्या रात्री मी एकामागोमाग एक तीन चुका करायच्या बेतात होते. आणि तुम्हीही, माझी खात्री आहे, त्याच तीन चुका केल्या असत्या.

पाटीवर एक, खात्यावर दुसरंच

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट. स्टेटमेंटमधली ओळ तुमच्या आठवणीतून लिहिलेली नसते, ती समोरच्याच्या कागदपत्रांतून येते. आपल्याला आठवते दुकानाची पाटी. बँकेला माहीत असतं खात्यावरचं नाव. ही दोन्ही नावं एकच असायला पाहिजेत असं कुणी सांगितलं?

मोठ्या दुकानांचंच घ्या ना. आपण सगळे 'डीमार्ट'ला जातो, पण ती साखळी चालवणारी कंपनी आहे ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. बिगबास्केटच्या मागे इनोव्हेटिव्ह रिटेल कॉन्सेप्ट्स हे नाव. पुण्या-मुंबईतल्या मित्रांना दहा मिनिटांत दूध आणून देणारं ब्लिंकिट डिसेंबर २०२१ पर्यंत ग्रोफर्स होतं, आणि त्याच्या कंपनीचं नाव ब्लिंक कॉमर्स. झेप्टोची कंपनी तर २०२५ मध्ये नाव बदलेपर्यंत किराणाकार्ट टेक्नॉलॉजीज होती. आता सांगा, जुन्या स्टेटमेंटमध्ये 'किराणाकार्ट' वाचून कुणाला झेप्टो आठवेल?

आपल्या वऱ्हाडातल्या दुकानांचा प्रकार याहून भारी. दुकान आजोबांच्या काळचं, पाटी वडिलांनी लावलेली, जीएसटी मुलाच्या फर्मवर आणि काउंटरवरचा क्यूआर कोड सुनेच्या खात्याचा! सक्करसाथमधल्या होलसेल दुकानात जा किंवा अकोल्यातल्या टिळक रोडवर, बिल एका नावाचं आणि मोबाइलवर नाव दुसरंच, हा अनुभव प्रत्येकाला आहे. पूर्वी ॲपवर दुकानदाराने किंवा आपण सेव्ह केलेलं नाव दिसायचं. ३० जून २०२५ पासून मात्र व्यक्तींना आणि छोट्या दुकानदारांना पैसे पाठवताना ॲपने बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवायचं, असा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचा नियम आहे. फसवणूक टाळायला हे चांगलंच. पण त्यामुळे रोजचे काका अचानक भलत्याच नावाने समोर येतात, त्याचं काय!

बाकी ओळही जरा वाचायला शिकायची. सुरुवातीला 'यूपीआय' असेल तर पुढे समोरच्याचं नाव, त्याचा यूपीआय आयडी आणि बारा आकडी रेफरन्स नंबर असतो. हा नंबर म्हणजे त्या व्यवहाराचा आधार कार्ड नंबरच समजा. 'पीओएस' म्हणजे दुकानातल्या मशीनवर कार्ड वापरलं. 'ईकॉम' म्हणजे कार्ड ऑनलाइन वापरलं. 'एनएसीएच' किंवा 'एसीएच' दिसलं तर तो बहुधा ईएमआय, एसआयपी किंवा विम्याचा हप्ता. यूपीआय लाइट वापरत असाल तर अजून एक गोची. तिथल्या चहा-भाजीच्या नोंदी स्टेटमेंटमध्ये येतच नाहीत, फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ येते. बाकीचा हिशेब ॲपमध्ये!

आणि हो, प्रत्येक दुकानाला एक चार आकडी कोडही दिलेला असतो. किराणा आणि सुपरमार्केटचा कोड ५४११. तो जगभर हाच. ॲपमध्ये दिसणारं ते बास्केटचं चित्र बहुधा या कोडवरूनच येतं. देशात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्यांदाच एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले, आणि दुकानांना होणाऱ्या पेमेंट्समध्ये संख्येने सगळ्यात पुढे असतो तो हाच किराणा. म्हणजे स्टेटमेंटमध्ये अनोळखी ओळ दिसलीच तर ती किराण्याची असण्याची शक्यता सगळ्यात जास्त!

हे सगळं ज्ञान मला नंतर मिळालं. त्या रात्री मात्र माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. फ्रॉड.

'सबमिट' दाबण्याआधी

पहिली चूक गूगलची. सर्चमध्ये वर येणारा 'कस्टमर केअर' नंबर बँकेचाच असेल याची काहीही गॅरंटी नसते. ठग मंडळी असे खोटे नंबर पसरवून ठेवतात आणि घाबरलेलं गिऱ्हाईक स्वतःहून फोन लावतं. मग 'मॅडम, रिफंडसाठी हे ॲप डाउनलोड करा, पिन टाका...' आणि २,३१८ वाचवायला गेलेल्या माणसाचं अख्खं खातं रिकामं. खरा नंबर तुमच्या कार्डाच्या मागे छापलेला असतो. बस्स, तोच.

दुसरी चूक मी जवळजवळ केलीच होती. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रारीचा फॉर्म अर्धा भरून झाला होता. रक्कम, तारीख, रेफरन्स नंबर, त्या ट्रेडिंग कंपनीचं नाव. खाली बटण. सबमिट.

आता तुम्ही म्हणाल, यात चूक काय? फसवणूक झाली असेल तर तक्रार करायलाच हवी. बरोबर! १९३० हा हेल्पलाइन नंबर त्यासाठीच आहे आणि लवकर तक्रार केली तर चोरलेले पैसे वाटेत अडवता येतात. पण अडवतात म्हणजे काय करतात? पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखून धरतात, कधी अख्खं खातंच गोठतं. तिथे खरोखर चोर बसला असेल तर उत्तम. पण तिथे एखादा साधा किराणावाला असेल तर? त्याचे कंपनीचे पेमेंट्स अडकणार, चेक बाउन्स होणार आणि तो बिचारा बँकेच्या चकरा मारत बसणार. 'मी काय केलं?' एवढंच विचारत.

म्हणून एक शेवटची खात्री करावी म्हटलं. यूपीआय ॲप उघडलं, हिस्टरीत गेले, त्या ओळीवर टॅप केलं. आणि खाली बारीक अक्षरात दिसलं की हे पेमेंट 'यूपीआय सर्कल'मधून झालंय. करणाऱ्याचं नाव...

माझे बाबा!

झालं! डोक्यावर हात मारून घेतला. मागच्या दिवाळीत घरी अकोल्याला गेले होते, तेव्हा मीच बाबांना माझ्या सर्कलमध्ये घेतलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेली ही सोय. आपल्या खात्यातून घरच्या माणसाला पैसे देऊ देता येतात, आपला पिन न सांगता. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० पर्यंत, एका वेळी ५,००० पर्यंत. "बाबा, कधी लागलं तर वापरा," असं म्हणून मी मोठी कर्तबगार मुलगी झाले होते. बाबांनी मान डोलावली होती. त्यानंतर इतक्या महिन्यांत एक रुपया वापरला नाही. आणि मी ते साफ विसरून गेले. नोटिफिकेशन तर कधीचीच म्यूट!

बाबांची वही

फोन लावला. पावणेअकरा झाले होते, पण दुसऱ्या रिंगला उचलला.

"बाबा, शनिवारी तुम्ही किराणा भरला का? माझ्या खात्यातून?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "हाव. तुले सांगणारच होतो."

"अहो, मग सांगायचं ना! मी इथे पोलिसात तक्रार करायला निघाले होते!"

"काहून? चोरी केली का म्या?"

मी हसले, पण बाबा हसले नाहीत. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दहा दिवस झाले होते! मला पत्ता नव्हता. हातातले पैसे तिथे गेले, एफडी मोडायची नव्हती आणि किराण्याचं महिन्याचं खातं द्यायचं राहिलं होतं.

"आईचं ऑपरेशन झालं आणि मला सांगितलंही नाही?"

"तुले सांगतलं असतं त तू काम सोडून धावत आली असती. छोटंसं त ऑपरेशन होतं. अन् दुकानाची उधारी पुढच्या महिन्यावर ढकलणं काही बरं दिसत नाही. म्हणून तुयं ते सर्कल वापरलं."

बाबा आयुष्यभर जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. जठारपेठेतल्या आमच्या घरी किराण्याची एक लाल वही असायची. दुकानदार काका त्यात रोजचा माल लिहायचे आणि महिन्याच्या पाच तारखेला बाबा ती वही घेऊन बसायचे. हातात निळा पेन. तूरडाळ दोन किलो, बरोबर. साखर पाच किलो, बरोबर. साबण तीन? "साबण त दोनच आणले होते," असं म्हणून दुकानात जाणार, काका हसून खोडणार. घरात कुणी काय आणलं, पाहुणे कधी आले, आईला बरं नव्हतं म्हणून ब्रेड किती आला, सगळं त्या वहीत दिसायचं. ती वाचायला आम्हाला कंटाळा यायचा, पण ती सगळ्यांची होती.

आता आमचं सगळं बँकेच्या ॲपमध्ये. पासवर्ड माझा, फेस लॉक माझा, नोटिफिकेशन म्यूट! घरात ऑपरेशन होऊन गेलं आणि मला ते कळलं कसं, तर किराण्याच्या बिलावरून. त्या क्षणी फार लाज वाटली, खरंच सांगते.

त्या ट्रेडिंग कंपनीचं कोडंही सुटलं. ते आमचेच दुकानदार काका! पाटीवर त्यांच्या आजोबांचं नाव, खातं मुलाच्या नव्या फर्मचं. ज्या माणसाने मला लहानपणी काउंटरवर बसवून गोळ्या दिल्या, त्याच्या खात्यावर मी फ्रॉडची तक्रार टाकायला निघाले होते. अर्धा भरलेला तो फॉर्म मी मुकाट्याने बंद केला.

फोन ठेवणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "अन् बाकीच्या ओळी पाह्यल्या का?"

"बाकीच्या ठीक आहेत बाबा."

"पाह्यल्या का, हे विचारून राहिलो म्या. एक ओळ जुळली म्हणजे वही जुळली असं नसते."

हिशेबनीस रिटायर होतो, पण त्याची नजर रिटायर होत नाही.

आणि ही होती तिसरी चूक

बाबांचा मान ठेवायचा म्हणून मी स्टेटमेंट परत वरून खाली वाचलं. रिचार्ज, बरोबर. पेट्रोल, बरोबर. राजकमल चौकातला चहा, बरोबर. आणि मग शुक्रवारी रात्रीची एक ओळ.

८९ रुपये ३७ पैसे. यूपीआयने नाही, डेबिट कार्डाने. ईकॉम. नावात 'मार्केट' हा शब्द, पुढे भारताबाहेरच्या कुठल्याशा शहराचं नाव.

हिचा एसएमएस शुक्रवारीच आला होता. मी पाहिलाही होता! 'असेल काहीतरी, नव्वद रुपये तर आहेत,' म्हणून वर सरकवून दिला होता. मोठ्या रकमेने माझी झोप उडवली आणि छोट्या रकमेकडे मी बघितलंही नाही. पण आता, बाबांच्या निळ्या पेनाच्या नजरेने बघितलं तर सगळंच खटकत होतं. मी कधी परदेशी किराणा मागवला? आणि हे ३७ पैसे कुठून आले? असे विचित्र पैसे बऱ्याचदा डॉलरसारख्या परक्या चलनाचा रुपया करताना आणि त्यावर बँकेचा चार्ज लागताना येतात.

या वेळी कार्डाच्या मागचा नंबर लावला. पलीकडच्या मुलाने शांतपणे विचारलं, "मॅडम, हा व्यवहार तुम्ही केलेला नाही, नक्की?" नक्की. "मग आधी कार्ड ब्लॉक करतो." दोन मिनिटांत कार्ड बंद, तक्रार नोंद आणि तिचा नंबर एसएमएसवर.

मी म्हटलं, "नव्वद रुपयांसाठी चोर एवढा उपद्व्याप कशाला करेल हो?"

तो म्हणाला, "मॅडम, नव्वद रुपये ही चाचणी असते."

चोरांच्या हातात कार्डांचे नंबर ढिगाने येतात. त्यातलं कोणतं चालू आहे ते त्यांना ठाऊक नसतं. मग प्रत्येकावर एक चिल्लर रक्कम टाकून बघतात. किराणा, ॲप, गाणी, असं काहीतरी साधं नाव, म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको. रक्कम गेली आणि कुणी ओरडलं नाही तर कार्ड जिवंत. मग खरा हात मारायचा. भारतातल्या साइटवर ओटीपी आडवा येतो, परदेशी साइटवर मात्र तो न विचारताही कार्ड चालू शकतं. आणि माझ्या कार्डावर परदेशी व्यवहाराचं बटण चालू होतं. वर्षापूर्वी एका ऑनलाइन कोर्सची फी भरायला मीच चालू केलं होतं. नंतर बंद कोण करणार?

सोमवारी पहाटे पावणेचारला एसएमएस आला. 'आपल्या कार्डावरील १८,९४० रुपयांचा व्यवहार नाकारण्यात आला.' सकाळी उठून वाचला आणि पायाखालची जमीन हलली. तो माझ्या पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्याचा पैसा होता, बॉस!

तीन दिवसांचं घड्याळ

आता जरा नियमांचं बोलू, कारण हे प्रत्येक पगारदाराला माहीत हवं. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. ग्राहकाने न केलेल्या ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक आलं. आपल्याकडे अर्ध्या घरांची खाती अर्बन बँकेत असतात, त्यामुळे हे महत्त्वाचं.

त्यातला फंडा असा. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, कुणी तिसऱ्यानेच हात मारला, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्यात जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो, किंवा जेवढी रक्कम गेली तेवढा, यात कमी असेल तो. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर. तक्रार केल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकालात काढायचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची! पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून आपल्या बँकेचं ताजं धोरण तिच्या साइटवर एकदा वाचून ठेवा.

म्हणजे शुक्रवारचा तो एसएमएस वर सरकवला, तेव्हाच माझं घड्याळ सुरू झालं होतं. नशीब, मध्ये शनिवार-रविवार आला.

आणि एक वेगळा प्रकार. दुकानात पेमेंट केलं, खात्यातून पैसे गेले, पण काउंटरवरचा साउंडबॉक्स काही बोललाच नाही. काका म्हणतात, 'आले नाही ताई.' आपण परत स्कॅन करतो आणि स्टेटमेंटमध्ये एकाच दुकानाच्या दोन ओळी! हा फ्रॉड नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानाला न पोचलेले यूपीआयचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तेव्हा भांडू नका, रेफरन्स नंबर जपून ठेवा.

अनोळखी ओळ दिसली तर...

* आधी यूपीआय ॲपची हिस्टरी उघडा. तारीख, वेळ, रेफरन्स नंबर जुळवा. त्या दिवशी आपण कुठे होतो ते आठवा. फोटो गॅलरी यात फार मदत करते!
* घरी विचारा. सर्कल, जोडकार्ड, मुलांच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेलं कार्ड, सगळं तपासा. विचारताना आवाज चढवू नका.
* कंपनीचं नाव अनोळखी असेल तर बिलावरचं किंवा ऑर्डरच्या मेलमधलं नाव बघा. बिलावर दुकानाचं कायदेशीर नाव असतं.
* तरीही ओळख पटली नाही तर थांबू नका. कार्डामागचा नंबर किंवा बँकेचं ॲप वापरून आधी कार्ड ब्लॉक करा, मग तक्रार. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.
* पैसे चोरीला गेलेत याची खात्री असेल तर लगेच १९३०. इथे उशीर महागात पडतो.
* बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी लागत नाही.
* कार्डाचं परदेशी व्यवहाराचं बटण बंद ठेवा. लागेल तेव्हा चालू करा, काम झालं की बंद. २०२० पासून ही सोय बँकांच्या ॲपमध्ये आहे.
* छोटी रक्कम असेल तर जास्त लक्ष द्या, कमी नाही.

पुढे काय झालं?

सोमवारी सकाळी मी कामाचा मेल टाकला, लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि अकोल्याची लालपरी पकडली. बडनेरा सोडलं की मूर्तिजापूरकडे जाणारा तोच हायवे, ज्याच्या ७५ किलोमीटरचं डांबरीकरण २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड झाला. रस्ता एवढा झकास, अंतर दोन-अडीच तासांचं, आणि मी दिवाळीनंतर घरी गेले नव्हते!

आई काळा गॉगल लावून दारात उभी. "हिरोईन दिसतेस गं," मी म्हटलं, आणि दोघीही हसता हसता रडलो. बाबा वहीत काहीतरी लिहीत बसले होते. डोकावून बघितलं. तारीख, त्यापुढे 'मुलीकडून, किराणा', आणि आकडा २,३१८. खाली परत करायची तारीख!

"बाबा, हे काय? हे परत द्यायचे नाहीत."

"हिशेब लिहिला पायजे. द्यायचे का नाही ते मंग पाहू."

संध्याकाळी दुकानात गेले. काकांना सगळी कथा सांगितली, ती तक्रारीची सुद्धा. काका आधी गप्प झाले. मग म्हणाले, "बरं झालं पोरी, फोन केला तू बाबांना. माझं खातं अडकलं असतं तर या महिन्याचं तेल उचलता आलं नसतं." आणि चिक्कीचं एक पाकीट हातात ठेवलं. त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये ती ओळ नाही!

८९ रुपये ३७ पैसे नवव्या दिवशी खात्यात परत जमा झाले. नवीन कार्ड आलं, त्याचं परदेशी बटण बंद आहे. नोटिफिकेशन चालू. आणि रविवारी रात्री साडेनऊला अकोल्याहून फोन येतो. मी स्टेटमेंट वाचते, बाबा पलीकडे वहीत टिक करतात. त्यातून काय काय कळतं म्हणून सांगू! आईला चष्म्याचा नवीन नंबर लागला, आत्या चार दिवस राहून गेली, बाबांनी चहातली साखर खरंच कमी केली. सगळं किराण्यावरून.

काय मग, तुम्ही तुमचं स्टेटमेंट शेवटचं कधी उघडलं होतं? आज रात्री उघडा. आणि एखादी ओळ ओळखू आली नाही, तर पहिला फोन घरी करून बघा.